मचूळ पाण्याची चाय

रघुकाकांनी चहाचा घोट ओढला की तीन घरं पलीकडची भागीमावशी आपल्या पडवीतून विचारायची, "काय फाटला गो?" तिला वाटायचं, दोरीवरचं लुगडं टरकलं. आवाजच तसा असायचा. चमचा ओठाला लावायचा, डोळे मिटायचे आणि चहा वाऱ्यासकट टाळूपर्यंत ओढायचा. मग तो या गालातून त्या गालात खेळवायचा, वाशांकडे बघायचं आणि शेवटी अंगणातल्या माडाच्या मुळाशी थुंकून टाकायचा. चांगला गुळाचा चहा माणूस थुंकतो हे बघून माझ्या आईचा जीव वरखाली व्हायचा. "माडाक नारळ दुप्पट लागतत," असं काका तिला सांगायचे. मी मोजून बघितले होते. काही दुप्पट लागत नव्हते.

रघुकाका नात्याने आमचे कुणी नव्हेत. शिरोड्याला आमच्या घराला लागून त्यांचं घर, मध्ये कमरेएवढा दगडांचा गडगा. तीस वर्षं ते मुंबईत एका चहाच्या कंपनीत होते. "कंपनीत होतंय" एवढंच सांगायचे, त्यामुळे गावाला बरीच वर्षं वाटत होतं की साहेब असतील. होते शिपाई. पण ज्या खोलीत साहेब लोक चहा चाखून त्याची प्रत ठरवायचे, त्या खोलीतले शिपाई. किटली उकळायची, ओळीने कप मांडायचे, घड्याळ बघून पाणी ओतायचं आणि साहेब ओढत-थुंकत पुढे सरकला की मागून कप विसळायचे. विसळण्याआधी प्रत्येक कपातलं थोडं थोडं हेही ओढायचे. असं तीस वर्षं चाललं आणि यांची जीभ साहेबापेक्षा तयार झाली. निदान काकांचं म्हणणं तसं होतं. निवृत्त झाले तेव्हा कान तुटलेले सहा पांढरे कप कंपनीने त्यांना दिले, आणि ते घेऊन ते गावी आले. काकी आधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं.

आमच्याकडे माणसाला गावावरून ओळखतात, शिरोडकर, आरोंदेकर वगैरे. यांना लोक चायकर म्हणायला लागले. थट्टेने म्हणायचे, पण काकांना ते इतकं आवडलं की एकदा पोस्टात पत्त्यावर त्यांनी स्वतःच तसं लिहिलं.

दर रविवारी सकाळी पडवीत पाटावर ते सहा कप मांडले जायचे. गवती चहाच्या पातीचा, आल्याचा, तुळशीचा, जायफळाचा, दालचिनीच्या पानाचा, आणि सहाव्यात काय ते काका सांगत नसत. एकदा त्यात शेवग्याचा पाला निघाला. आळीतल्या दोघातिघांना चाखायला बसवायचे. घोट घेतला की काका बोट वर करायचे. "घोट घेतलंस? आता थांब." बोट खाली येईपर्यंत गिळायचं नाही की बोलायचं नाही. मग काय वाटलं ते सांगायचं, आणि "बरी आसा" म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. "बरी म्हणजे काय? जावय बरो असता. चाय कशी ती सांग." भागीमावशी बिचारी खूप विचार करून म्हणाली, "गरम." तिला पुढचे तीन रविवार बोलावणं नव्हतं.

पाण्याचं तर विचारूच नका. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात, आणि काका वेगवेगळ्या बावींचं पाणी आणून एकच पत्ती त्यात उकळायचे. "देवळाकडल्या बावीचा पाणी भोळा, बाजारातला लबाड," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तरीण होते, तिसरीचा वर्ग होता, आणि दिवसभर पोरांची खुळं ऐकून घरी आल्यावर हे खूळ ऐकायची माझी ताकद नसायची. मी तोंडावर सांगायची, "काका, पाणी ते पाणी." ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे.

पण मी त्यांच्यावर खरी चिडले ती वेगळ्याच कारणाने. मला बघायला जामसंड्याहून पाहुणे आले होते. वडील नाहीत, भाऊ नाही, म्हणून वडीलधारे या नात्याने आईने रघुकाकांना बसवलं. "तुम्ही फक्त बसा, बोलू नका," असं मी त्यांना दोनदा बजावलं होतं. मुलगा कचेरीत कारकून होता, उंच होता, लाजरा होता. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. चुलीवर चहाचं आधण होतं आणि मी दाराच्या फटीतून त्याच्याकडे बघत होते. पाणी आटलं, मी आणखी ओतलं, ते पुन्हा आटलं. शेवटी केला एकदाचा चहा आणि नेऊन ठेवला.

काकांनी कप उचलला. मी डोळ्यांनी खुणावलं, आईने पदर सावरायच्या निमित्ताने खोकून घेतलं. पण नाही. त्यांनी तो फाटल्याचा आवाज काढून घोट ओढला, मुलाची आई दचकली, आणि काका म्हणाले, "पाणी तीनदा उकाळलेला. चेडवाचा लक्ष खंय होता?" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

आठ दिवसांनी जामसंड्याहून पत्र आलं की योग दिसत नाही. मी काकांना गडग्यापाशी गाठून जाब विचारला. ते म्हणाले, "कुसमा, माझी जीभ खोटा बोलणा नाय. मी काय करू?" मी म्हटलं, "जीभ खोटं बोलत नाही तर तोंड बंद ठेवता येतं." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. रविवारी गडग्यावर माझ्या नावाचा कप येऊन बसायचा, तो मी तसाच परत सरकवायची. असे चार महिने गेले.

शिमगा झाला आणि आईला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस तापाने तिला पिळून काढलं. ताप उतरला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण तिच्या घशाखाली काही उतरेना. पेज तोंडाला लावली की मान फिरवायची. "माती लागता गो," एवढंच म्हणायची. वेंगुर्ल्याहून डॉक्टर आले, नाडी बघितली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "औषधाचं काम झालंय. आता पोटात काही गेलं तर ठीक, नाही तर हातपाय गाळून बसावं लागेल." या जगात मला तेवढी एकच होती. मी शाळेत रजा टाकली आणि तिच्या उशाशी पेजेची वाटी घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुकाका गडगा ओलांडून आले, हातात किटली आणि पाटावर ते सहा कप. मी म्हटलं, "तिला पेज जात नाही, तुमचा चहा जाणार आहे?"

"ता तिच्या घशाक इचारुया," ते म्हणाले आणि आत आले. मी अडवलं नाही. अडवायला अंगात बळ नव्हतं.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ सहा-सहा तऱ्हा. आल्याची, ओव्याची, तुळशीची, सुंठेची. सुरंगीचा बहर होता, तर त्या फुलांची सुद्धा करून आणली. त्या वासाने सगळं घर घमघमलं आणि आईला शिंका आल्या. प्रत्येक कप आधी मी चाखायचा, असा नियम होता, म्हणून मला झोप येईना आणि छाती धडधडायला लागली. काका आईला चमच्याने घोट द्यायचे आणि वाट बघायचे. आई म्हणायची, "माती." पुढच्याला म्हणायची, "राख." एकाला म्हणाली, "भिंत." काका त्यावर नीट मान डोलवायचे. "राख कालच्यापेक्षा बरी," असं मला बाजूला घेऊन म्हणाले. मी त्यांच्याकडे रागाने बघितलं, पण त्या आठवड्यात आईबद्दल काही बरं बोलणारा तो एकच माणूस होता.

सहाव्या दिवशी पातीचा चहा दिला तेव्हा आई डोळे मिटून पुटपुटली, "पाणीच गोडा मेला."

काकांचा चमचा हातात तसाच राहिला. "आयकलंस? चाय म्हणाली नाय. पाणी म्हणाली." मग आईकडे वाकून त्यांनी विचारलं, "वैनी, तुमचा म्हायार आरोंद्याक ना? बाव खाडीपासून लांब की लागी?"

आईने जेमतेम बोट हलवलं. "लागीच. चैतात मचूळ होता."

काका उठले, किटली तिथेच टाकून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या घराला कुलूप. मला वाटलं, कंटाळले शेवटी. त्यांना दोष तरी कसा देणार?

ते आरोंद्याला गेले होते, चालत, खांद्यावर तांब्याची कळशी घेऊन. साठी उलटलेला माणूस, चैत्राचं ऊन. आईच्या माहेरच्या बावीचं पाणी भरून, तोंडाला केळीचं पान बांधून निघाले ते सरळ नाक्यावर अडकले. तेव्हा आपल्याकडे दारूबंदी आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांचा गोवा. त्या वाटेने पान बांधलेली कळशी घेऊन येणारा माणूस काय आणतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय आसा कळशीत?" नाक्यावरच्या शिपायाने विचारलं.

"पाणी."

"आरोंद्याचा पाणी शिरोड्याक? कशाक?"

"चाय करूक."

एवढं ऐकल्यावर कुठला शिपाई सोडील? त्याने पान फाडलं, वास घेतला, आला नाही, तेव्हा संशय आणखी वाढला. ओंजळभर घेऊन प्यायला आणि थुंकला. "खारा आसा ह्या."

"घोट घेतलंस? आता थांब," काका म्हणाले. "नुसता खारा, की मागसून वायच तुरट?"

शिपायाने म्हणे खरंच दुसरा घोट घेतला आणि म्हणाला, तुरट आहे. काकांना त्याची समज आवडली, पण दोन ओंजळी पाणी गेल्याचं वाईट वाटलं. मग त्याला त्यांनी सगळं सांगितलं, आजारी शेजारीण, माहेरची बाव, सगळं. त्याने दुसरं पान आणून स्वतः कळशीचं तोंड बांधून दिलं.

दुपारी काका आले तेव्हा पायांना फोड होते. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "माका नको, चूल पेटव." कोरी चाय केली, गवती पाती आणि गूळ. आईला मी उठवून माझ्या अंगाशी टेकवली आणि काकांनी घोट दिला.

आईने तो तोंडात धरला. बराच वेळ धरला. मग तिचा घसा हलला. "ह्या आमच्या मळ्यातला पाणी," ती म्हणाली. "कोणी आणल्यान?" उत्तराची वाट न बघता तिने स्वतः कपाला हात लावला. अर्धा कप प्यायली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "पेज ह्याच पाण्यात कर गो."

मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडले. रडता रडता तांदूळ धुतले.

त्यानंतर काका आणखी तीनदा आरोंद्याला गेले. नाक्यावरचा शिपाई आता लांबूनच विचारायचा, "वैनी कशे आसत?" वैनी चौथ्या कळशीला उठून पडवीत येऊन बसली. पुढे ती वीस वर्षं जगली, माझं लग्न तिने केलं, माझी दोन्ही मुलं तिने न्हाऊ घातली. ही वीस वर्षं मला कोणी दिली हे मी कधी विसरले नाही आणि कुणाला विसरू दिलं नाही. जामसंड्याचा राग कुठे गेला, मला कळलंही नाही.

आई पहिल्यांदा पडवीत बसली त्या संध्याकाळी मी काकांना म्हटलं, "काका, मी तुमच्याशी फार वाईट वागले." ते म्हणाले, "वागलंस खरी." मी विचारलं, "पण पाण्याचं तुम्हाला सुचलं कसं?"

त्यांनी एक कप पुसायला घेतला. मग म्हणाले, "तुझी काकी अशीच पडली होती. मी मुंबयत. पत्र इला, घशाखाली काय उतरणा नाय म्हणान. रजा मिळाक आठ दीस गेले. मी इलंय तेवा..." त्यांनी पुढचा कप उचलला. "हजारांनी कप मांडले मी, कुसमा. तिका खयची चाय आवडायची ता माका अजून म्हायत नाय."

"मग आईला विचारायचं. वीस वर्षं शेजारी होत्या दोघी."

"बायलेची आवड शेजारणीक इचारूची? लाज नाय वाटाची?"

आई खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "रघुभावजी, तिका बडीशेपेची आवडायची. दूध घालून. दुपारी माझ्याकडे येवन प्यायची."

"बडीशेप?" काका म्हणाले. "घरात कधी घातल्यान नाय."

"तुमी गणपतीक इलास की घालायची नाय. म्हणायची, मुंबयत इतके चांगले चायो पितत, त्यांका ही कशी आवडात?"

 हातातला कप काकांनी पाटावर ठेवला, पुन्हा उचलला. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही, अंगणाकडे बघत राहिली. मग त्यांनी हळूच विचारलं, "पाण्यात घालायची, की दुधात?"

"दुधात. कुटून."

मी आत गेले, बडीशेपेचा डबा काढला आणि तसाच त्यांच्या हातात दिला. ते डबा घेऊन उठले, गडग्यापर्यंत गेले आणि तिथून मागे वळले.

"वैनी," ते म्हणाले, "तुमी ऱ्हवलास म्हणान माका कळला."