मांडवकर सरांची नदीतली समाधी

रत्नागिरीच्या मांडवकर सरांनी निसर्गात विश्रांतीला जायचं कबूल केलं, ते केवळ नाही म्हणायला उशीर झाला म्हणून. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या लेकीनं, संस्कृतीनं, पुण्यात बसून आईबाबांचं दोन दिवसांचं बुकिंग करून टाकलं होतं आणि ते आता रद्द होत नव्हतं. जागा लांज्याच्या पुढे, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, नदीच्या अगदी काठाला. नाव 'रिव्हरसाइड गेस्ट रँच'. सरांनी ते नाव मोबाइलवर दोनदा वाचलं आणि नाकातून हसले. (सर नेहमी नाकातूनच हसायचे. तोंड त्यांना बोलायला लागायचं.)

सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. सव्वीस वर्षं शिकवून त्यांची अशी समजूत झाली होती की पृथ्वीवर जे काही जिथं आहे ते आपल्याला विचारूनच ठेवलेलं आहे. बायको दीपाली हिला मात्र भूगोलाशी कर्तव्य नव्हतं. दोन दिवस कुणी आपल्याला 'आज भाजी काय' असं विचारू नये, एवढीच तिची निसर्गाकडून अपेक्षा होती.

रँचवर पाऊल टाकल्यापासून सरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. रँच म्हणायचं आणि घोडा एकच, तोही किनाऱ्यावर पोरांना फिरवून म्हातारा झालेला, दिवसभर गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा. स्वागताला मातीच्या पेल्यात कोकम सरबत आलं, तेव्हा आपल्या परसात कोकमाची, म्हणजे रातांब्याची, दोन झाडं आहेत हे सरांनी मॅनेजरला ऐकवलं. खोलीत शेणानं सारवलेली जमीन पाहून तर ते दारातच थबकले. अशा जमिनीवर झोपावं लागू नये म्हणून आपण बी.एड. केलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. रँचचा मालक अजिंक्य मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेला तरुण होता. तो हे सगळं हसून ऐकून घेई. गाईला मिठी मारायचा कार्यक्रम सकाळी सात वाजता आहे, असं त्यानं सांगितलं तेव्हा सर गाईची बाजू घेऊन बोलले.

दीपालीनं पहिला दिवस 'हो', 'खरं आहे' आणि 'बरं' या तीन शब्दांवर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आंब्याला बांधलेला जाळीचा झोपाळा गाठला, त्यात आडवी झाली आणि डोळ्यांवर ओढणी घेतली. सर शेजारी खुर्ची ओढून बसले आणि झोपाळ्याची गाठ कशी चुकीची मारली आहे ते सांगू लागले. पाचव्या मिनिटाला ओढणीखालून आवाज आला, "अहो, तुम्ही जरा नदीवर फिरून या ना."

सर उठले. फोन भिजायला नको म्हणून तो तिच्याकडे दिला आणि धक्क्यावर गेले. तिथं बाबल्या नावाचा पन्नाशीचा तांडेल पाहुण्यांच्या होड्या सांभाळत होता. त्याच्याकडे एक मोठी लाकडी होडी होती आणि दोन पिवळ्या, प्लास्टिकच्या, आंघोळीच्या टबासारख्या. त्यांना कयाक म्हणतात म्हणे. सरांनी पिवळी मागितली.

"मास्तर, आता नको," बाबल्या म्हणाला. "सुकती लागलीय."

आता इथं कुणीही शहाणा माणूस परत फिरला असता. पण सर पडले शिक्षक. त्यांना धोका ऐकू आला नाही, शब्द ऐकू आला. सुकती हा बोलीतला शब्द झाला, प्रमाण शब्द ओहोटी, असं त्यांनी बाबल्याला समजावलं. पुढे चंद्राचं आकर्षण समजावलं. उधाणाची आणि भांगाची भरती वेगळी कशी, तेही समजावलं. बाबल्यानं सगळं नीट ऐकलं. यात दहा-पंधरा मिनिटं गेली आणि तेवढ्यात नदी आणखी वीतभर उतरली. मग सर विजयी मुद्रेनं कयाकात बसले आणि निघाले.

नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग कयाकाच्या बुडाला काहीतरी मऊ लागलं. सरांनी वल्हं मारलं, कयाक जागच्या जागी डुलला. आणखी जोर लावला तेव्हा वल्ह्याबरोबर काळा चिखल वर आला. बघता बघता भोवतालचं पाणी सरकत गेलं आणि ओहोटीची सगळी माहिती असलेला माणूस चिखलाच्या मोठ्या पाटावर, पिवळ्या टबात, मधोमध बसून राहिला. त्यांनी एक पाय खाली टाकून पाहिला. तो मांडीपर्यंत आत गेला. पाय परत मिळाला, चप्पल मिळाली नाही.

बाबल्या धक्क्यावरून ओरडला, "उतरू नका. बसून राव्हा, मी बगतो काय तरी." आणि तो गेला.

त्याच वेळी काठावरच्या हिरवळीवर मौनाचा वर्ग भरला होता. हेतल नावाची मुंबईची बाई तो घ्यायची. बारा पाहुणे मांडी घालून नदीकडे तोंड करून बसले होते. सरांनी वल्हं उंच धरून हलवलं, तर पाहुण्यांनी प्रेमानं हात हलवले. सरांनी हाका मारल्या, तर हेतलनं ओठांवर बोट ठेवलं. शेवटी सरांचा घसा बसला आणि ते गप्प झाले. (पंचवीस वर्षांत हे दीपालीला जमलं नव्हतं.) एक बगळा चालत चालत आला, चार हातांवर उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघत बसला. सरांनी त्यालाही काही सांगितलं नाही.

तासाभरानं वाऱ्यावरून हेतलचा आवाज आला. ती पाहुण्यांना हळू आवाजात सांगत होती, "ते काका बघा. किती वेळ झाला, हललेसुद्धा नाहीत. नदी आली काय, गेली काय, त्यांना फरक नाही. असं बसता आलं पाहिजे." मग बारा माणसांनी सरांकडे बघत दीर्घ श्वास घेतले आणि सोडले. एकानं फोटो काढला.

ऊन डोक्यावर आलं. सरांचं टक्कल कोकमासारखं लाल झालं. स्वयंपाकघराकडून कोंबडी-वड्यांचा वास येऊ लागला, वाढला आणि हळूहळू विरलाही. जेवणं झाली हे त्यांना वासावरून कळलं. तीनच्या सुमारास भरती चढली आणि कयाक आपोआप तरंगला. सर वल्हवत धक्क्याला लागले, तर हेतल आणि तिची मंडळी हात जोडून उभी.

"काका, एवढा वेळ बसायची साधना किती वर्षांची?" हेतलनं विचारलं.

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. सरांनी एकदा चिखलानं माखलेल्या आपल्या पायाकडे पाहिलं, एकदा त्या बारा भक्तांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सवय लागते."

झालं. इतक्या मोठ्या मौनातून उठलेल्या माणसाला जड अन्न देऊ नये, असं हेतलनं स्वयंपाकघरात कळवलं. सरांपुढे पपईच्या दोन फोडी आल्या. त्या त्यांनी साधकाला शोभेल अशा सावकाशीनं खाल्ल्या आणि तिसरी मागता आली नाही.

संध्याकाळी परतताना ती दोघं हातखंब्याला चहाला थांबली. दीपालीच्या चेहऱ्यावर अशी काही टवटवी होती की सरांना लग्नातला फोटो आठवला. एवढी विश्रांती आयुष्यात मिळाली नव्हती, ती म्हणाली. विशेषतः अकरा ते तीन. सरांनी कप खाली ठेवला. आपण चिखलात अडकलो होतो हे तुला कळलंच नाही का, असं त्यांनी विचारलं.

"कळलं की," दीपाली म्हणाली. "बाबल्या लगेच आला होता सांगायला. चिखलावर फळ्या टाकून अर्ध्या तासात आणतो म्हणाला. धोका नाही ना, हे मी त्याला दोनदा विचारून घेतलं. मग म्हटलं, घाई नको, तू आधी जेवून घे."

सरांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग वडे कसे झाले होते, एवढंच त्यांनी विचारलं.

"छान," ती म्हणाली. "तुमच्या वाटणीचेही त्यालाच वाढले."