सातवी ब या पलटणीने क्ष सर केला त्याची हकीकत

हकीकत ऐसीजे: सातवी ब या पलटणीने क्ष नामे गनिमाशी तीन आठवडे झुंज दिली, तिचा करीना साद्यंत लिहावा, पदरचे घालू नये, घडले ते गाळू नये, ऐशी मागणी जाहली, त्यावरून हे बयान. लिहिणाराचे स्वतःचे गणित बेताचे, सबब सर्व आकडे दोन वेळा ताडून घेतले आहेत. वाचणारांनी खातरजमा बाळगावी.

सहावीपर्यंत या फौजेचा अंमल बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या चारी परगण्यांवर बरा चालत होता. मग सातवीची सरहद्द ओलांडली आणि आकड्यांच्या मुलखात एक अक्षर घुसले. एका गणितात पाच निघावे, दुसऱ्यात बारा, आणि नाव मात्र तेच. पहिल्या चाचणीस एकतीस शिलेदार बसले, पैकी बावीस गारद जाहले. मग शाळेचे धनी मुख्याध्यापकसाहेब यांनी फर्मान काढिले की, तीन आठवड्यांनी दुसरी चाचणी पंचवीस गुणांची होईल, तीत नऊ गुण न मिळतील त्यांनी सातवी ब सोडावी आणि जिन्याशेजारच्या खोलीत 'कच्चा वर्ग' म्हणून निराळे बसावे. फर्मान सूचनाफलकावर लागले आणि त्या दिवशी निम्मे डबे न उघडता घरी गेले.

बाविसांत एक मुलगी होती, तिला सारे खोडरबर म्हणत. उत्तर लिहावे आणि लागलीच खोडावे, चूक असो वा बरोबर, ऐसा तिचा रिवाज. तिच्या वहीच्या पानांना भोके पडली होती. चाचणीत तिने सहा उत्तरे बरोबर काढिली आणि सहाच्या सहा खोडून कोरा कागद दिला. हे कोणास ठाऊक नव्हते.

ठाऊक जाहले ते गणिताच्या बाईंस. बाई बारीक अंगाच्या, आवाज त्याहून बारीक, परंतु चिकाटी बहुत. त्यांनी बावीस पेपर घरी नेले आणि खोडरबरचा कागद खिडकीशी तिरपा धरला, तो पेन्सिलीचे वळ दिसले, आणि वळांमध्ये सहा बरोबर उत्तरे दिसली. मग दुसरे दिवशी फळ्यावर एकच ओळ लिहिली: ९ + ६ = ▢ + ७. चौकोनात काय, ते प्रत्येकाने लिहावे. एकतीसपैकी चोवीसांनी पंधरा लिहिले. तेव्हा बाईंस उमगले की क्ष हा गनीम नव्हेच, फितुरी बरोबरच्या चिन्हात आहे. मुले 'बरोबर' म्हणजे 'आता उत्तर लिहा' ऐसे समजत होती. दोन्ही बाजू सारख्या, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते.

बाईंनी मग प्रयोगशाळेतून जुना तराजू मिळविला. इतक्यात खोडरबरची आई शाळेत दाखल जाहली. आई शिवणकाम करी. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती.

"बाई, आमच्या घरात गणित कुणालाच जमलं नाही," आई म्हणाली. "उगाच पोरीचा जीव टांगणीला नको. आत्ताच टाका तिला कच्च्या वर्गात, कुठे सही करायची ते सांगा."

"एका बाहीला अर्धा इंच वाढवलात तर दुसरीचं काय करता?" बाईंनी विचारले.

"दुसरीलाही वाढवते. नाहीतर बाह्या लहानमोठ्या नाही का होणार?"

"मग तुम्हाला समीकरण येतं. सही राहू द्या. मला सारख्या मापाच्या छोट्या पिशव्या शिवून द्याल?"

आई हसली नाही, परंतु चौथे दिवशी सहा पिशव्या आल्या, चिंध्यांच्या, परंतु मापाने तंतोतंत.

मग मोर्चे लागले. बाईंनी तीन पिशव्यांत सारख्या गोट्या गुपचूप भरल्या, डाव्या पारड्यात त्या तीन पिशव्या आणि चार सुट्या गोट्या, उजवीकडे एकोणीस गोट्या, आणि पुकारा केला की, पिशवी न उघडता आतील गोट्या सांगाव्या. तेव्हा वकील या नावाने प्रसिद्ध असलेला एक वाचाळ शिलेदार उभा राहिला.

"बाई, पण पिशव्यांचं स्वतःचं वजन? ते कोण धरणार?"

बाईंस बहुत आनंद जाहला. त्यांनी तीन रिकाम्या पिशव्या उजवीकडे टाकिल्या, तो काटा मध्यावर आला आणि वकील दिवसभर ताठ मानेने वावरला. मग एका उतावळ्याने डावीकडल्या चार गोट्या उचलल्या. उजवे पारडे धाडकन खाली गेले आणि गोट्या उसळून दरवाजाबाहेर थेट मुख्याध्यापकसाहेबांच्या पायांखाली गेल्या. साहेब खांबास धरून उभे राहिले, म्हणून वाचले. साहेबांनी एक गोटी उचलून बाईंच्या हाती दिली आणि मागील बाकावर बसले.

गोट्या पुन्हा मांडल्या. या खेपेस खोडरबर उठली. तिने डावीकडून चार काढिल्या, उजवीकडून चार काढिल्या, काटा हलला नाही. राहिलेल्या पंधरांचे तीन ढीग केले.

"पाच," ती इतके हळू म्हणाली की, बाईंनी पुन्हा विचारले.

"कशावरून?"

तिने तिन्ही ढिगांकडे बोट केले. मग म्हणाली, "पाच घालून बघते. तीन पाच पंधरा, अधिक चार, एकोणीस. आलं की!"

पुढे ऋण संख्यांनी वाट अडविली. पिशवीत वजा तीन गोट्या कशा राहतील, ऐसा वकिलाने हट्ट धरिला. बाईंनी कबूल केले की तराजू येथवरच, आणि फौज जिन्यावर नेली. तळमजला शून्य, वर अधिक, तळघराकडे वजा. एक आठवडा मधल्या सुट्टीत पायऱ्या मोजत सारी पलटण वरखाली धावली. बाईंचा आवाज बसला, तो खुणांनी शिकवू लागल्या.

चाचणीचा दिवस उगवला. अखेरचा प्रश्न होता: २क्ष + ९ = ३. खोडरबरने वजा तीन काढिले आणि लागलीच घाबरली, की ऐसे उत्तर असते काय? हात रबराकडे गेला. मग थांबली आणि समासात लिहिले: वजा सहा अधिक नऊ, तीन. उत्तर तसेच ठेविले.

निकाल लागला. एकतीसपैकी अठ्ठावीस पार जाहले. मुख्याध्यापकसाहेबांनी कच्च्या वर्गाचे फर्मान स्वहस्ते फलकावरून काढिले, आणि राहिलेल्या तिघांनी मधल्या सुट्टीत बाईंपाशी बसावे, ऐसा नवा हुकूम दिला. खोडरबरास सतरा गुण पडले. आईस शिवणाच्या दुकानात निरोप गेला.

परंतु बाईंनी फत्तेची नोंद केली ती दुसरे दिवशी, सकाळच्या पहिल्या तासास. खोडरबर पेपर घेऊन टेबलापाशी आली.

"बाई, चौथं गणित चुकलंय माझं. तुम्ही दोन गुण दिलेत."

"बरोबर आहे ते. मी तपासलंय."

"नाही बाई. किंमत घालून बघा ना. डावीकडे अकरा येतात, उजवीकडे दहा."

बाईंनी किंमत घालून पाहिली. एकदा पाहिली, दोनदा पाहिली. मग भर दरबारी, बसक्या आवाजात, आपली शिकस्त कबूल केली, सतरावर काट मारून पंधरा लिहिले, आणि खाली दस्तुरखुद्द सही केली. येणेप्रमाणे सातवी ब ची फत्ते जाहली, हे खरे.