सात स्टो आणि जयवंताबाई

आमच्या वांकिडीत सरकारला चकवावं तर या उद्धवरावानंच! हे मी नाही, आख्खी गल्ली म्हणायची. म्हणजे, त्या दुपारपर्यंत म्हणायची.

त्या साली सरकार घरोघरची कमाई मोजायला निघालं. गरिबाला पांढरं कार्ड, त्यावर दोन रुपये किलोनं तांदूळ. बाकीच्यांना गुलाबी, ते नुसतं पेटीत जपून ठेवायचं!

मी सात घरं जमवली. "सामान लपवा! साहेबाले नुसत्या भिंती दिसल्या पायजे!"

"कुठं लपवू? तुमच्या टकुऱ्यात?" माझी बायको विमलबाई फणकारली. "जागा तं लय हाये तिथं!"

"जयवंताबाईकडं! त्या एकट्या म्हातारीच्या झोपडीत कोण डोकावते?"

झालं! पंखे, रेडिओ, सायकली, माझी लुना, सगळं झोपडीत. विमलबाईनं रागाच्या भरात स्टोसुद्धा नेऊन आपटला. तिचं पाहून बाकीच्या सहाजणींनीही!

साहेब आला तो आमच्याच राज्यातला, पण पार समुद्राकडच्या जिल्ह्यातला; मराठी येईना म्हणून हिंदी झाडायचा. "चूल्हा किधर है?"

"कुठला चूल्हा साहेब! इतके गरीब आमी!"

"एक चूल्हा, एक फॅमिली. चूल्हा नहीं, तो फॅमिली नहीं!" त्यानं लिहिलं: घर रिकामं. मी त्याच्यासमोर जिताजागता उभा! साती घरं अशीच रिकामी झाली.

मग तो झोपडीत शिरला अन् मी मागोमाग धावलो. आमच्यापायी म्हातारीचा तांदूळ जाणार!

"साहेब, हे माझं नाही जी," ती रडकुंडीला आली.

साहेब हसला. "इतना ही सामान? हमारे उधर गरीब के घर में इससे ज्यादा रहता!"

मी चाट पडलो. राज्य एक, अन् गरिबीची मापं दोन? इथला सावकार तिकडं जाऊन भिकारी होतो की काय?

तेवढ्यात त्यानं चुली मोजल्या. म्हातारीची एक, वर सात स्टो. "आठ फॅमिली! आठ सफेद कार्ड!"

"साहेब, त्यातला एक स्टो माझा!" मी ओरडलो.

"और लुना भी तेरी? आठ फॅमिली की एक लुना चलेगी, अकेले की हो तो गुलाबी कार्ड!"

विमलबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी लुनाकडं पाहिलं.

"लुना... जयवंताबाईची!"

आठही कार्डं निघाली म्हातारीच्या नावानं. आता दर महिन्याला ती आठ कार्डांचा तांदूळ आणते अन् गल्लीत वाटते. दुकानापर्यंत जाते लुनावर, मागं ऐटीत बसून.

"काऊन उद्धवराव, हळू चालवून राह्यले?" म्हणते.

पेट्रोल अजून मीच टाकतो.