श्रींच्या विहिरीच्या जलपरीक्षेची हकीकत

श्रीहरीचे चरणी माथा ठेवून, वीणेकरी, टाळकरी, मृदंगी यांस साष्टांग घालून लिहितो. शके १९४५, शोभननाम संवत्सरे, माघमासी राज्यात कीर्तनाचा सप्ताह योजिला. परंतु मागील साली ऐसे जाहले होते की, हरिदास नीळकंठबुवा उत्तररंगात आले आणि आख्यान ऐन रंगास चढले आणि श्रोते पोट धरून, तांबे घेऊन एकेक उठिले, मग बुवा आणि पेटीवाला दोघेच उरले. सबब औंदा बुवांनी महाराजांस निक्षून सांगितले, "श्रींच्या विहिरीचे पाणी तपासल्याविना मी उभा राहणार नाही. देव निर्मळच आहे हो, पण बादली कोणाकोणाची पडते!" मग महाराजांनी जलपरीक्षक केशवपंत आणविले, आणि त्यांनी विहिरीचे पाणी मागताच मातुश्री आऊसाहेबांनी मुदपाकखान्यातून स्वहस्ते दिधले. पंतांनी ते औषधाचे शिशीत भरून उबेस ठेविले. पाणी नासके असल्यास शिशी काळी पडावी, ऐसा तिचा गुण. दुसरे दिवशी पाहतात तो शिशी जैशी होती तैशी! मग नगारे वाजले आणि साखर वाटिली आणि उरले पाणी बुवांस पाजिले. बुवा घोट घेऊन म्हणाले, "महाराज, आपले विहिरीत वाळा पिकतो काय?"

पंत चमकले. "आऊसाहेब, हे पाणी थेट विहिरीतूनच आणिले ना?"

"अगबाई! पाहुण्यास कच्चे पाणी देऊ? खळखळा उकळिले, दुपदरी फडक्याने गाळिले, वाळा घातिला. रीत आहे आमची."

"अहो, मी प्यावयास नव्हते मागितले!" ऐसे म्हणून पंतांनी कपाळास हात लाविला आणि स्वये पोहरा सोडून पाणी दुसरे शिशीत भरिले, उबेस ठेविले, दुसरे दिवशी पाहतात तो ही शिशी काजळासारखी काळी. महाराजांचे मुख उतरले आणि मांडव सुना जाहला आणि बुवा उपरणे झाडून निघाले. मग पंत हसून बोलिले, "बुवा, थांबावे. विहीर तीच, पाणी तेच. आऊसाहेबांचे चुलीवरून आले ते निर्मळ. विहिरीत औषध घालून मी फिरून तपासीन, तोवर वाट चुलीवरूनच." महाराजांनी तात्काळ आज्ञा केली, "सप्ताहास जो येईल तो आऊसाहेबांचा पाहुणा!" मग अंगणी हंडे चढले आणि आऊसाहेब पळी घेऊन उभ्या राहिल्या, "कोणी कच्चे प्यायला तर मजशी गाठ आहे!" आणि कीर्तन ऐसे रंगले की पूर्वरंग जाहला, उत्तररंग जाहला, आरती जाहली, तरी कोणी हालेना, शेवटी बुवांनीच हात जोडिले, "आता उठा हो मायबाप, माझा घसा बसला!"

सारांश, भक्ती थोर खरी, पाणी मात्र उकळून प्यावे. श्रोते सुखरूप असोत, हरिकथेस खंड न पडो.