तात्यांची अर्धी गंगा

तात्या दर रविवारी सकाळी नावेत बसून गंगेच्या बरोबर मध्यावर जात आणि तिथून परत येत. पलीकडच्या वाळूला त्यांनी कधी पाय लावला नाही. मध्य आला की नावाडी रामधनी वल्ही थांबवून विचारी, "बस, पंडितजी? कि एक हाथ अउर?" तात्या गंभीरपणे म्हणत, "आधा हाथ."

कारण तात्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. हे व्रत म्हातारी माणसं घेतात. तात्यांनी ते तिशीतच घेतलं आणि वर फोटोग्राफीचा नाद लावून घेतला, तोही निसर्गचित्रांचा. ज्याला गाव सोडायचं नाही त्याने या फंदात पडू नये, पण तात्यांना हे सांगणार कोण?

मी पुण्याहून बनारसला मास्तरकी करायला आलो आणि बालाजी घाटावर तात्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. तात्या माझ्याच शाळेत गणित शिकवत. काशीची पूर्वेची हद्द म्हणजे गंगेचा मध्य, असा निकाल त्यांनी परस्पर लावला होता आणि तो मध्य त्रिकोणमितीने काढला होता. पावसाळ्यात पात्र फुगलं की मध्य पुढे सरके, उन्हाळ्यात मागे येई. "वैशाखात काशी थोडी आखूड होते, मास्तर," ते मला समजावत. "त्याला उपाय नाही."

कॅमेरा त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतला होता. एकावर एक दोन भिंगं बसवलेली चौकोनी पेटी. ती गळ्यात अडकवायची आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. एका रिळात बाराच चित्रं आणि रीळ येणार कलकत्त्याहून, त्यामुळे एकेका चित्राआधी तात्या तासभर विचार करत. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर ते असे मान घालून उभे राहिले की यात्रेकरूंना वाटे, पेटीत देव आहे. एकदा एका तेलंगी आजीबाईंनी पेटीवर झेंडूचं फूल ठेवून नमस्कार केला. तात्यांनी निमूटपणे आशीर्वाद दिला. तेवढ्यात ऊन सरकलं, म्हणून दिवसभर माझ्यावर चिडले.

चित्रात माणूस त्यांना खपत नसे. "दगड बरा. माणूस हलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिंदे घाटाजवळचं कललेलं देऊळ त्यांचं फार लाडकं. "कललंय, पण हलत नाही बघा." एकदा एका गोऱ्या पाहुण्याने त्यांना अदबीने विचारलं की तुम्हाला स्फूर्ती कुठून मिळते. तात्या म्हणाले, "पूर्वेकडून. साडेसहाला."

यातली गोम अशी, की साडेसहाचं ते ऊन सगळ्या घाटांवर पडतं आणि त्यांचं एकसंध चित्र फक्त पलीकडच्या वाळूवरून मिळतं. तात्यांना जन्मात तेवढं एक चित्र हवं होतं. मध्यावरून घ्यावं तर नाव डुले आणि धरहऱ्याचे, म्हणजे पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे, दोन मनोरे चित्रात चार होत. अशा हललेल्या चित्रांनी त्यांची एक ट्रंक भरली होती.

शेवटी मी म्हटलं, "तात्या, मी जातो पलीकडे."

त्यांनी पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. कॅमेऱ्यालाही व्रत लागू आहे की काय, हे ते गल्लीतल्या एका शास्त्रीबुवांना विचारून आले. यंत्राला व्रत नसतं, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं तेव्हा कुठे पेटी माझ्या गळ्यात पडली.

रामधनीने मला वाळूवर सोडलं. "ओह पार मरिहा मत, मास्टर साहब, गदहा बन जइबा," असा धीर दिला (पलीकडच्या काठावर मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो, अशी तिथली समजूत) आणि तात्यांना आणायला परत गेला. ठरलं होतं असं: तात्या मध्यावर उभे राहणार, ऊन नीट पडलं की छत्री मिटणार, आणि छत्री मिटली की मी कळ दाबायची. मी तिवईवर कॅमेरा बसवला, मान घातली आणि काचेत बघितलं. सगळा घाट समोर होता आणि घाटाच्या बरोबर मधोमध तात्या. ज्याची खूण मला दिसायला हवी तो चित्रातही येणार, हे गणिताच्या मास्तरांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं, पण मी बोललो नाही. बारा वेळा छत्री मिटली आणि बारा वेळा मी कळ दाबली.

तात्यांनी देवघर अंधारं करून रीळ धुतलं, चित्रं छापली आणि मला खाली बोलावलं. मी सबबी तयार ठेवूनच उतरलो. चित्रं काही हललेली नव्हती. तात्या भिंग घेऊन एकावर वाकले होते.

"ही आईची खिडकी," ते म्हणाले. भिंग सरकत नावेवर आलं आणि थांबलं. "हा कोण?"

"तुम्हीच."

"पाठीत वाकलाय हो."

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. आईला क्षेत्रसंन्यास घ्यायचा होता, पण एकटीला धीर होईना, म्हणून हेही तिच्याबरोबर संकल्पाला बसले. आई तीन वर्षांत गेली. व्रत राहिलं. थोरली बहीण, अक्का, वाईला. तिचे पाय गेलेले, त्यामुळे तिला येता येईना आणि यांना जाता येईना. बावीस वर्षं भेट नाही. तिच्या प्रत्येक कार्डात शेवटची ओळ एकच असे: तू राहतोस ते घर एकदा दाखव.

चित्र वाईला गेलं. महिन्याभराने कार्ड आलं. तात्यांनी ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं. अक्कांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं: "घर पाहिले. आईच्या पत्रांतली तिची खिडकी ओळखली. बाळू, होडीत बसून इकडेच निघालास ना रे?"

गंमत म्हणून मी तात्यांना चित्रात राहू दिलं होतं, त्याचं फार वाईट वाटलं. तात्यांनी कोरं कार्ड घेतलं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "अक्का, निघालो आहे. नावाडी फार सुस्त आहे."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर नावेत होतो. कॅमेरा त्यांनी घरीच ठेवला होता. मध्य आला, रामधनीने वल्ही थांबवून नेहमीचं विचारलं. तात्या पलीकडच्या वाळूकडे वळून बसले.

मग म्हणाले, "एक हाथ अउर."