डीनबाई बंद करायला गेल्या

"आज त्या घराला टाळं ठोकूनच परत येते!" व्हर्ना लिंडक्विस्टबाईंनी सकाळी कॉफीचा मग आपटत जाहीर केलं.

अमेरिकेत ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या त्या नव्या डीन. विद्यार्थ्यांची शिस्त हे त्यांचं खातं. आणि त्या खात्याचे धिंडवडे काढले होते एका फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या विद्यार्थी मंडळाच्या पोरांनी! नव्या सभासदांना कोंबड्यांचा वेश चढवून त्यांनी भर चौकात नाकाने अंडी ढकलायला लावली होती. एका अंड्यावरून खुद्द कुलगुरू घसरले!

बाई तणतणत फ्रॅटर्निटीच्या घरी पोचल्या. दार उघडलं मंडळाच्या म्होरक्याने, ब्रोडीने. गुडघ्यापर्यंत ओलाचिंब.

"मी विद्यापीठातून आलेय. बंद करायला!"

"सुटलो! देवासारख्या आलात मॅडम! या, या, खाली आहे!"

"काय खाली आहे?"

"बंद करायचंय ते!"

तळघरात पाइप फुटला होता. गाद्या, चपला, पिझ्झाची खोकी, सगळं होड्यांसारखं तरंगत होतं. बाईंनी घाबरून समोरच्या पाइपवरचं चाक गरकन फिरवलं. चाक हातात आलं! पाण्याचा असा फवारा उडाला की बाईंचे नीट बसवलेले केस भिजल्या मांजरासारखे चिकटले.

त्यांनी तिथूनच विद्यापीठाच्या दुरुस्ती विभागाला फोन लावला. "ड्वेन, ताबडतोब माणसं पाठव!"

"त्या घरात? बाई, ती खाजगी संस्था. आपला काय संबंध?"

"मग मी इथे कुणाच्या हुकमाने आलेय?"

"तो शिस्तीचा संबंध. नळाचा नाही."

"अरे, पण जागा विद्यापीठाची ना?"

"जागा आपली. पाणी त्यांचं."

"आणि यांच्या माजी सभासदांपुढे देणगीसाठी हात पसरता तेव्हा?"

"तेव्हा काय, आपलीच पोरं की हो!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली! समोरच्या सोरॉरिटीच्या, म्हणजे तशाच मुलींच्या मंडळाच्या पोरी बादल्या घेऊन धावत आल्या होत्या. एक बादली हिसकावून बाई एका टेबलावर चढल्या आणि गरजल्या, "हे विद्यापीठ आहे की सावत्र बाप? दंड करायला पुढे आणि पाइप फुटला की पसार?"

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जिन्यातूनही टाळ्या आल्या. तिथे सुटाबुटातले हॅवरकँप उभे होते, विद्यापीठाच्या विश्वस्तांचे प्रमुख! तरुणपणी ते याच मंडळात होते आणि आज जुन्या मित्रांबरोबर जेवायला आले होते.

"शाब्बास! आमच्या बाजूने भांडणारी डीन पहिल्यांदाच पाहिली!"

"अहो, मी तुमच्या विरुद्ध आलेय!" बाई किंचाळल्या. पण तेवढ्यात अग्निशमन दल भोंगा वाजवत आलं आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

सोमवारी कुलगुरूंचा फोन आला. "अभिनंदन! विश्वस्त तुमच्यावर बेहद्द खूश आहेत. त्या मंडळाच्या मार्गदर्शक म्हणून तुमची नेमणूक झालीय."

"मला नको! मी ते मंडळ मोडायला निघाले होते!"

"आधीचे डीनही त्यासाठीच गेले होते," कुलगुरू गोड आवाजात म्हणाले.

"मग? कुठे आहेत ते आता?"

"तिथेच. वरच्या मजल्यावर राहतात."