कान नसलेला माणूस

समोरच्याच्या मनात काय चाललंय, ते मी त्याच्या एका रेघेवरून ओळखतो! ही बढाई नाही, हा माझा पेशा आहे. चित्रकलेचे शिक्षक व्हायला निघालेल्या तरुण मंडळींना मी ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ शिकवतो. म्हणजे मुलाच्या चित्राला नावं ठेवण्याआधी त्याचं मन कसं जाणून घ्यावं, ते. पूर्वी मी नुसती चित्रकला शिकवायचो आणि न आवडलेलं चित्र सरळ फाडायचो. आता फाडण्याआधी ‘तुला काय वाटतंय?’ असं विचारतो.

या विषयाची कायमची जागा एकच निघाली होती आणि तिच्यावर डोळा ठेवून होतो दोघं. एक मी आणि दुसरे मूर्तिकलेचे सर. त्यांना सगळे ‘माती सर’ म्हणतात. हा गृहस्थ तासभर तोंड उघडत नाही, मुलांचं ऐकत नुसता मान हलवतो. असल्या माणसाला कोण कायम करणार? प्राचार्य बाई आमचे तास पाहून निर्णय घेणार होत्या. माती सरांचा तास झाला होता. माझ्या तासाला बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या.

मी हुकमी एक्का काढला. ज्याच्यापुढे तुमचा जीव गुदमरतो त्याचं चित्र काढा, म्हटलं. नाव मात्र लिहू नका.

चित्रं भिंतीवर लागली आणि मी चाटच पडलो. सगळ्यांनी एकच माणूस काढला होता! गुहेएवढं तोंड आणि कानांचा पत्ता नाही. माझ्यातला जुना चित्रकार उसळून आला. कान भुवई आणि नाकाचं टोक यांच्यामध्ये येतात, इतकंही विसरलात का, असं मी सगळ्यांना झापलं.

“सर, कान मुद्दामच काढले नाहीत,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “आम्ही काही सांगायला लागलो, की ते लगेच...”

“थांब. तुला काय म्हणायचंय ते मी सांगतो.”

आणि मी सांगितलं. हे माती सर आहेत, यात मला तिळमात्र शंका नव्हती. तोंड एवढं मोठं का? तर न बोलणाऱ्या माणसाची मनात भीती बसते आणि भीती सगळं उलटं काढते! शेवटच्या रांगेतल्या एकाने हात वर केला. भावना अशी घाईने मांडायची नसते, असं समजावून मी तो खाली करायला लावला. तेवढ्यात एकाने बाकावर डोकं टेकलं. त्याचे खांदे गदगदत होते. बिचारा किती दिवसांचं दुःख साठवून होता कोण जाणे! मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझेही डोळे भरून आले.

बाई उठल्या. भिंतीजवळ जाऊन त्यांनी एकेक चित्र सावकाश पाहिलं.

“अशा माणसाचं काय करावं, सर?” त्यांनी विचारलं.

माझ्या मनात लाडू फुटत होते, पण आवाज मी जड ठेवला. “त्याला शिकवायला उभं करू नये, बाई. वर्षभर विद्यार्थ्यांमध्ये बसवावं. तोंड बंद ठेवून.”

“मलाही तेच वाटत होतं,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून माती सर हा वर्ग घेतील. तुम्ही कोणत्या बाकावर बसाल?”

मी पहिला बाक मागितला. वर्गाने तोही दिला नाही.